पस्तिसावा खंड

फेब्रुवारी संपत आला की खारघरच्या डोंगराला लाल ठिपके पडायला लागतात. आधी काटेसावर, मग पांगारा, मग पळस, असा साधारण क्रम. तिघांचीही तऱ्हा एकच. पानं गाळून टाकायची आणि उघड्या फांद्यांवर लाल-केशरी फुलं मांडून बसायचं. वास जवळजवळ नाहीच. सकाळी सात-साडेसातला, ऊन चढायच्या आत, पांडवकड्याच्या बाजूला अशा एखाद्या झाडाखाली उभं राहिलं तर डोक्यावर बाजार भरलेला असतो: साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळे, आणि परत जायच्या तयारीत असलेल्या भोरड्यांचे थवे. भांडणं तर विचारू नका.

आता प्रश्न असा की लालच का? आणि वास का नाही? प्राजक्ताला वास आहे, रातराणीला आहे, मग एवढ्या मोठ्या पांगाऱ्यालाच काय झालं? शाळेत 'परागीभवन : कीटक, वारा, पाणी' एवढं एका ओळीत उरकलेलं असतं. पक्ष्यांचं नाव घाईघाईत शेवटी. मला वाटायचं, पुस्तकवाल्यांनी जागा वाचवली असेल. पण या विषयाचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की पक्षी आणि वटवाघळं मुळातच या गोष्टीत उशिरा आली. आणि त्या उशिरा आलेल्या प्रकरणाची काही पानं चक्क मुंबईत लिहिली गेली आहेत.

सुरुवात मात्र जर्मनीतली. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ गावात ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल नावाचे एक हेडमास्तर होते. १७८७ च्या उन्हाळ्यात ते जिरेनियमचं एक रानटी फूल निरखत होते. पाकळ्यांच्या तळाशी बारीक केस. कशाला? त्यांच्या लक्षात आलं की केसांच्या खाली मधाचा थेंब आहे, आणि पावसाचं पाणी त्यात मिसळू नये म्हणून हे छप्पर. मग पुढचा प्रश्न, मध कुणासाठी? कीटकासाठी. मग पाकळीवरच्या रेघा? कीटकाला वाट दाखवायला. म्हणजे एअरपोर्टवर जमिनीवर बाण काढलेले असतात ना, तसे. गुरुजींनी मग चारशेहून जास्त झाडांची फुलं अशीच उलगडून पाहिली आणि १७९३ मध्ये एक जाडजूड पुस्तक काढलं. फुलाचा प्रत्येक भाग कुठल्या तरी पाहुण्यासाठी बेतलेला असतो, आणि तो पाहुणा मध पिता पिता परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतो, हा त्याचा मथितार्थ.

पुस्तक आपटलं. गटेसारख्या माणसालाही ते पटलं नाही. पुढच्याच वर्षी गुरुजींची शाळा सुटली. पुस्तकाचा दुसरा भाग कधी छापलाच गेला नाही. (फुलं बघत हिंडणाऱ्या हेडमास्तरांबद्दल गावातले पालक काय बोलत असतील याची कल्पना आपण कुठल्याही शाळेच्या पालकसभेला बसून करू शकतो.) १८१६ मध्ये ते वारले. पुढे १८४१ मध्ये डार्विनने ते पुस्तक वाचलं आणि तिथून चक्रं फिरली. १८६२ मध्ये मादागास्करच्या एका ऑर्किडची जवळजवळ फूटभर लांब मधनळी पाहून डार्विनने एवढ्याच लांब सोंडेचा पतंग असणार असं भाकीत केलं आणि १९०३ मध्ये तसा पतंग नोंदला गेला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ती इतक्या वेळा सांगून झालीये की मी पुढे जातो.

डार्विननंतर जर्मनीत हेर्मान म्युलर आणि इटलीत फेदेरिको देल्पिनो यांनी मिळून जवळजवळ एक तक्ताच तयार केला. फुलाकडे बघून पाहुणा ओळखायचा तक्ता. निळं-जांभळं-पिवळं, बसायला ओठासारखी पाकळी, आत मार्गदर्शक रेघा, दिवसा उघडं, तर मधमाशी. पांढरं, रात्री उमलणारं, गोड वासाचं, बारीक नळीचं, तर पतंग. काळपट लाल, सडक्या मांसाच्या वासाचं, तर माश्या नि भुंगेरे.

हा तक्ता घेऊन आपल्याकडे फिरलं तर मजा येते. दर आठ वर्षांनी सह्याद्री जांभळा करणारी कारवी मधमाश्यांच्या रकान्यात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ ला आणि मग २०२४ ला फुलली, तेव्हा माश्यांचा आवाज वाटेवर ऐकू येत होता असं जाऊन आलेले सांगतात. प्राजक्त पतंगाच्या रकान्यात: संध्याकाळी उमलायचं, उजाडता उजाडता गळून जायचं, दिवसपाळीशी संबंधच नाही. पांढरा चाफाही पतंगांच्याच रकान्यात, पण हा लबाड. १९८४ मध्ये कोस्टारिकातल्या अभ्यासात स्पष्ट झालं की त्याच्याकडे द्यायला मध नसतोच. नुसत्या वासावर पतंगांना फिरवतो. आणि सडक्या वासाचा रकाना? तो पनवेलच्या बाजारात जूनमध्ये जुड्या बांधून विकायला येतो: शेवळं. कातकरी-ठाकर बायका डोंगरातून काढून आणतात आणि सोबत काकडं घ्यायला सांगतात, नाहीतर घसा खाजतो. आपण खातो ती न उघडलेली कळी. ती तशीच रानात राहिली तर एक तपकिरी-जांभळा दांडा उभा राहतो आणि मेलेला उंदीर कुठे आहे हे शोधायला माणूस निघेल असा वास सुटतो. भुंगेऱ्यांसाठी ते आमंत्रण. कोलंबी घालून शेवळं खाताना हे आठवू नये एवढंच.

असो. तर तक्ता उत्तम होता. त्यात एक भोक होतं आणि ते तक्ता करणाऱ्यांना घरबसल्या दिसणं शक्य नव्हतं. युरोपात पक्ष्यांसाठी बनलेली फुलं नाहीत! हमिंगबर्ड अमेरिकेत, शिंजीर आफ्रिका-आशियात. जर्मनीतल्या कुरणात आयुष्यभर बसलात तरी एकही पक्षी रोजच्या न्याहारीला फुलावर येताना दिसायचा नाही. स्पेनमधलं एक झुडूप पक्षी फलित करतात हे नीट दाखवून दिलं गेलं ते २००५ साली, आणि ती केवढी मोठी बातमी झाली! फुलांवर येणाऱ्या वटवाघळांचीही तीच कथा, युरोपात कुणाच्या पाहण्यातच नाहीत. देल्पिनोने दूरदेशीच्या फुलांवरून पक्ष्यांचा रकाना मांडला होता खरा, पण माहिती ऐकीव आणि तुटपुंजी. पाउल क्नुट नावाच्या जर्मन माणसाला हे इतकं खुपलं की फुलांवरचा महाग्रंथ लिहिता लिहिता १८९८ मध्ये तो जावाला गेला. परत आल्यावर लगेचच, १९०० मध्ये, वारला. त्याचा तिसरा भाग दुसऱ्याने पुरा केला.

युरोपीय तक्त्यात लाल रंगाची अडचण त्यामुळेच होती. १९१४ मध्ये कार्ल फॉन फ्रिशने मधमाश्यांना रंग दिसतात हे प्रयोगाने सिद्ध केलं, पण लाल त्यांना काळपटच दिसतो हेही त्यातूनच कळलं. आता लाल फुलांचं कोडं सुटायला लागलं. पक्ष्याला लाल झक्क दिसतो, पण वासाच्या बाबतीत बहुतेक पक्षी फुलांकडे ढुंकून बघत नाहीत. पांगाऱ्याने वास न ठेवणं म्हणजे काटकसर. ज्या क्लायंटला ईमेल वाचायची सवयच नाही त्याला ईमेल का पाठवा? (तरी पांगाऱ्यावर मधमाश्या येतातच. मध आहे म्हटल्यावर कोण सोडतो! पण झाडाचं काम त्यांच्या भरवशावर नाही.)

इथे मुंबईची एन्ट्री. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची, आणि तिचं नियतकालिक १८८६ पासूनचं. त्याचे जुने अंक आता स्कॅन करून जालावर ठेवलेले आहेत. त्यातला पस्तिसावा खंड उघडा, १९३१-३२ चा. एकाच खंडात तीन लेख: आंब्यावरच्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोचे यांचा वाटा, सॉसेज ट्रीच्या फुलांचं वटवाघळांकडून होणारं फलन, आणि भारतातले 'फुलपक्षी' व 'पक्षीफुलं'. पहिला आणि तिसरा सलीम अलींचा, मधला चार्ल्स मॅकॅन यांचा.

सलीम अलींची त्या वेळची परिस्थिती बघा. बर्लिनला जाऊन मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून १९३० मध्ये परतले, तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. आजच्या भाषेत बेंचवर. मग मुक्काम हलवला किहीमला, बायकोच्या माहेरच्या घरी. किहीम म्हणजे मांडवा ते अलिबागच्या मधलं, तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. म्हणजे खारघरचाच जिल्हा. सुगरणीवरचा त्यांचा गाजलेला अभ्यास याच बेकारीतला. बांडगुळाचा लेखही त्याच सुमाराचा, आणि त्याच्या शीर्षकातच 'कोकण' हा शब्द आहे.

ते बांडगूळ तुम्ही पाहिलेलं आहे. कोकणातल्या कुठल्याही जुन्या आंब्यावर वेगळ्याच पानांचा झुपका दिसतो, तेच. आंब्याच्या फांदीत मुळं रुतवून त्याचं पाणी पितं. त्याची फुलं नळीसारखी, बोटाच्या दोन-अडीच पेरांएवढी, शेंदरी-नारिंगी, आणि वासाच्या नावाने शून्य. शिंजिराची बाकदार चोच त्या नळीत इतकी चपखल बसते की प्लग आणि सॉकेट आठवावेत. चोच आत गेली की परागकण पक्ष्याच्या कपाळाला. पुढच्या फुलावर ते उतरतात. फळ धरलं की शिंजिराची ड्यूटी संपली आणि फुलटोच्याची सुरू. हा अंगठ्याएवढा पक्षी फळ गिळतो, आणि आतली चिकट बी बाहेर टाकताना तिला फांदीवर पुसावंच लागतं. बी तिथेच रुजते. म्हणजे एका झाडाने लग्नाचं कंत्राट एका पक्ष्याला दिलंय आणि मुलांना गावाला पोचवायचं दुसऱ्याला. बागाईतदाराच्या दृष्टीने हे दोघेही गुन्हेगार, कारण बांडगूळ वाढलं की आंबा खंगतो. परागीभवनाचं सगळं साहित्य 'आपले उपकारकर्ते' अशा गोड सुरात लिहिलेलं असतं, म्हणून मला हा लेख महत्त्वाचा वाटतो. फुलाची आणि पक्ष्याची जोडी कितीही सुंदर असली तरी ती आपल्या सोयीसाठी जमलेली नाही.

पुढे प्रिया दविदार यांनी निलगिरीतल्या बांडगुळांवर काम करून १९८३ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. काही बांडगुळांची फुलं शिंजिराची वाटच बघत नाहीत. त्यांच्या कळ्या आकाराने-रंगाने पिकल्या फळांसारख्या दिसतात. फुलटोचा फळ समजून चोचीत दाबतो, कळी उघडते, आणि परागकण त्याच्या तोंडावर. एकाच पक्ष्याकडून दोन्ही कामं!

सलीम अलींचा १९३२ चा लेख तीसेक पानांचा आहे. 'फुलपक्षी' म्हणजे फुलांवर जाणारे पक्षी आणि 'पक्षीफुलं' म्हणजे पक्ष्यांची फुलं, असं दोन्ही बाजूंनी पाहणारं ते शीर्षकच मला आवडतं. ते काही जगातले पहिले नव्हेत, दक्षिण आफ्रिकेतल्या पक्षीफुलांवर १८९० मध्येच लिहिलं गेलं होतं. पण भारताचा रकाना भरायला कुणीतरी इथे सकाळी उठून झाडाखाली उभं राहायलाच हवं होतं.

आणि इथला रकाना अमेरिकेसारखा नाही, हे महत्त्वाचं. हमिंगबर्ड हवेत एका जागी उभा राहून पितो. आपल्या साळुंकीला बसायला फांदी लागते. पांगारा अमेरिकेतही आहे आणि इथेही, आणि दोन्हीकडच्या जातींमधला फरक या एका गोष्टीतून निघतो. हमिंगबर्डच्या जाती बारीक लांब नळ्यांच्या, बाहेरच्या बाजूला तोंड केलेल्या. बसून पिणाऱ्या पक्ष्यांच्या जातींची फुलं उघडी, आणि फांदीच्या दिशेला वळलेली, म्हणजे दांड्यावर बसलेल्या पक्ष्याच्या थेट समोर. १९८० च्या दशकात हर्बर्ट आणि आयरीन बेकर या दांपत्याने मधाचं रसायनही तपासलं. हमिंगबर्डच्या पांगाऱ्यात उसाची साखर (सुक्रोज) जास्त, इकडच्या पांगाऱ्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त. साखर साखरच ना? नाही. १९८९ मध्ये कळलं की साळुंकीच्याच कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्याच्या आतड्यात सुक्रोज फोडणारं एन्झाइमच नसतं. उसाची साखर त्याला पचत नाही. म्हणजे डोंगरावरच्या पांगाऱ्याने नुसता रंग आणि दिशा जुळवलेली नाही, पाहुण्याचं पथ्यही सांभाळलंय.

पळसाचं मात्र वेगळंच निघालं. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, 'हा पोपट की काय?', कारण पाकळीचा बाक हुबेहूब पोपटाच्या चोचीसारखा. तक्त्यानुसार शंभर टक्के पक्षीफूल. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये नीट बसून पाहिलं तर आठेक जातींच्या पक्ष्यांपैकी खरं काम करणारा निघाला एकटा जांभळा शिंजीर. बाकीचे नुसते बुफेवाले. आणि दुसरा कामाचा गडी कोण, तर खार! (खारघरातली 'खार' खाऱ्या जमिनीची, हिचा संबंध नाही. पण लिहायचा मोह आवरला नाही.)

खार तक्त्यात कुठेच नव्हती. अशा गोष्टी साठत गेल्या आणि २००९ मध्ये तीन खंडांतल्या सहा ठिकाणी साडेचारशेहून जास्त झाडांवर तक्त्याची रीतसर टेस्टिंग झाली. फुलाकडे बघून मुख्य पाहुणा बरोबर ओळखता आला तो साधारण एक तृतीयांश वेळा. २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने जगभरचे अभ्यास गोळा करून उलट सांगितलं, की सर्वांत कामाचा पाहुणा बहुतेक वेळा तक्त्याप्रमाणेच निघतो. यातलं कोण बरोबर यावर अजून वाद आहेत. माझं मत विचाराल तर दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. फुलाचा आकार सांगतो की आजवर सर्वांत उपयोगी कोण पडला. आज सकाळी कोण आलं हे तो सांगत नाही.

आता तो मधला लेख. चार्ल्स मॅकॅन यांचा जन्म १८९९ चा, गोव्याच्या सीमेवरच्या कॅसलरॉकचा. शिक्षण मुंबईत, नोकरी याच सोसायटीत. सॉसेज ट्री म्हणजे आफ्रिकेतून आणून आपल्या बागांत लावलेलं झाड. लांब दोरीला दुधी टांगावेत तशी फळं. फुलंही अशीच दोरीला, पानांपासून दूर, खाली लोंबणारी. काळपट लाल, जाड, दणकट, संध्याकाळी उमलणारी, आणि वास असा की कुणी गजरा करणार नाही. यातली प्रत्येक गोष्ट वटवाघळाच्या सोयीची आहे. पंख पानांत अडकू नयेत म्हणून दोरी, लटकताना वजन पेलावं म्हणून जाडी, अंधारात सापडावं म्हणून वास. जोडीदार आफ्रिकेत राहिला, पण इथल्या वटवाघळांनी ते काम उचललं. पोर्ट तोच, केबल दुसऱ्या कंपनीची. आफ्रिकेतूनच आलेल्या गोरखचिंचेच्या पांढऱ्या, लोंबत्या, रात्रीच्या फुलांचंही तेच. १९३३ मध्ये मॅकॅननी आणखी एक टिपण लिहिलं, सिल्व्हर ओकच्या फुलांवर येणाऱ्या उडत्या कोल्ह्याबद्दल, म्हणजे मोठ्या वटवाघळाबद्दल, आणि खारीबद्दल. पळसाच्या खारीच्या सत्तर वर्षं आधी!

वटवाघूळ फुलांसाठी किती लांब जातं याचा हिशेब मलेशियात लागला. १९७६ मध्ये तिथे दिसलं की क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहेतली वटवाघळं रात्री पस्तीसहून अधिक किलोमीटर उडून किनाऱ्यावरच्या खारफुटीत जातात, चिपीच्या फुलांवर. तीच वटवाघळं ड्युरियन या तिकडच्या लाडक्या फळाची फुलंही फलित करतात. ड्युरियन वर्षातून थोडेच दिवस फुलतो. बाकीच्या दिवसांत मेस चालवायची चिपीने. खारफुटी तोडली की महिन्याचा डबा बंद, आणि नुकसान डोंगरातल्या बागाईतदाराचं.

पांढरी चिपी महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केली. केसरांचा पांढरा झुबका असलेलं फूल, रात्री उमलणारं. तळोजा खाडीच्या बाजूला खारफुटी आहे, तिच्या मागे डोंगर आहे, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात आपण राहतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. त्यामुळे चिपीला निदान कायदा तरी आहे.

पाहुण्याला नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची होती, 'उपद्रवी प्राणी'. तिच्यात कावळा, उंदीर, घूस यांच्या रांगेत फलाहारी वटवाघळं. मारायला परवानगी लागत नसे. म्हणजे ज्या प्राण्याचं काम मुंबईच्याच नियतकालिकात चाळीस वर्षं आधी छापलं गेलं होतं, त्याला कायद्याने उंदराच्या रकान्यात टाकलं. शिंजिराची कॅलेंडरं निघाली, भोरड्यांचे फोटो काढायला लोक पहाटे उठतात, आणि सोसायटीतल्या उंच अशोकात लटकणारी छोटी वटवाघळं मात्र बाल्कनी घाण करतात म्हणून फांद्या छाटायचे ठराव. २०२० मध्ये तर विचारायलाच नको.

फलाहारी वटवाघळांतली एकच जात या यादीतून सुटली. १९४८ मध्ये तामिळनाडूतल्या डोंगरांत पकडलेलं एक वटवाघूळ सोसायटीच्या संग्रहात चुकीच्या नावाने पडून होतं. १९७२ मध्ये, म्हणजे कायदा झाला त्याच वर्षी, किट्टी थोंगलोंग्या या थाई शास्त्रज्ञाने ती नवी जात असल्याचं दाखवलं आणि तिला सलीम अलींचं नाव दिलं. पुढे या जातीला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत, जागा मिळाली. बाकीची फलाहारी भावंडं उपद्रवींच्या यादीत राहिली ती २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ती अनुसूचीच गेली.